तानपुऱ्यामागचा पंखा

गाण्यासाठी म्हणून मी पहिला पीसी जमवला तेव्हा दुकानदारानं मला ग्राफिक कार्ड विकलं. "साहेब, टाकून ठेवा, पुढं उपयोगी पडेल," तो म्हणाला, आणि मी टाकून ठेवलं. त्या कार्डावर दोन पंखे, कॅबिनेटला रंगीत दिव्यांचे तीन, प्रोसेसरवर डब्यातून आलेला एक, शिवाय आत गरगरणारी जुन्या वळणाची हार्ड डिस्क. घरी मावशीला बसवलं, तानपुरा लावला, दहा मिनिटं रेकॉर्ड केलं आणि हेडफोन तिच्या कानाला लावले. अर्धा मिनिट ऐकून ती म्हणाली, "हा जादाचा सूर कुणाचा रे? आणि तोही बेसूर."

बेसूर होताच. हार्ड डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. पेटीच्या भाषेत सांगायचं तर काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मधला, कुठल्याच पट्टीत न बसणारा सूर. मावशी काळी पाचात गाते. तिच्या तानपुऱ्याच्या शेजारी डिस्क आपली तार लावून बसली होती.

तेव्हापासून घरच्या रेकॉर्डिंगसाठी कोणी पीसीबद्दल विचारलं की मी आधी गतीबद्दल नाही, आवाजाबद्दल बोलतो. गाणं करायला लागणारी गती आजच्या मधल्या फळीतल्या प्रोसेसरमध्ये सहज असते. शांतता मात्र वेगळी विकत घ्यावी लागते. तिला फार पैसे पडत नाहीत, पण दुकानात ती कोणी आपणहून दाखवत नाही.

भावांबद्दल एक खुलासा. इथले आकडे मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्यातली तपकीर गल्ली आणि ऑनलाइन दुकानं यांचे २०२५च्या पूर्वार्धातले, ढोबळ आहेत. मेमरी आणि एसएसडी या दोन ओळी मात्र पेन्सिलीनं लिहा. २०२५ संपता संपता एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा जगभरचा माल उचलायला सुरुवात केली आणि रॅमचे भाव दुप्पट-तिप्पट झाले. त्या दोन वस्तूंचा भाव खरेदीच्या दिवशी विचारायचा आणि मगच बेरीज करायची.

आधी कान, मग यंत्र

हातात सत्तर हजार असले की बहुतेक जण साठ हजारांचा पीसी घेतात आणि उरलेल्या दहांत माइक, हेडफोन, केबल सगळं उरकतात. हे उलटं आहे. माइकमधून आलेल्या आवाजाचे आकडे करण्याचं काम ऑडिओ इंटरफेस नावाची डबी करते, आणि ते आकडे पुन्हा आवाज होऊन आपल्या कानात शिरतात ते हेडफोनमधून. पीसी मधला हमाल. या दोन दारांवर आधी खर्च करावा.

एका वेळी एकच जण गाणार किंवा वाजवणार असेल तर फोकसराइटचा स्कार्लेट सोलो पुरतो. दहा ते तेरा हजार. तबल्याला दोन माइक लावायचे असतील, किंवा पेटी आणि गळा एकदम घ्यायचा असेल, तर दोन माइक-इनपुटचा टूआयटू बघा. सतरा ते वीस हजार. त्याहून स्वस्तात बेहरिंगर किंवा एम-ऑडिओचे चार-पाच हजारांचे इंटरफेस आहेत. त्यांच्यावर शिकता येतं, डेमो करता येतो. हलक्या आवाजाच्या वाद्याला गेन चढवला की मागची सळसळ मात्र ऐकू येते. कंडेन्सर माइक घेणार असाल तर इंटरफेसवर ४८ व्होल्टचं बटण आहे ना, एवढं बघा. हेडफोन बंद कपांचे घ्या, नाहीतर कानातला ठेका माइकमध्ये झिरपतो. ऑडिओ-टेक्निकाचे एम२०एक्स चार-साडेचार हजारांत, एम४०एक्स आठ-नऊ हजारांत मिळतात. दुसऱ्यावर मिक्सिंगही करता येतं.

इंटरफेस आहे म्हणून थंडरबोल्टवाला महागडा मदरबोर्ड लागतो, असं कोणी सांगितलं तर मान हलवून पुढच्या दुकानात जा. ९६ किलोहर्ट्झवर २४ बिटांचा स्टीरिओ आवाज सेकंदाला साधारण ४.६ मेगाबिट होतो. जुनं यूएसबी २.० सेकंदाला ४८० मेगाबिट वाहतं. टँकर जाईल अशा रस्त्यावरून आपण सायकल चालवतोय.

उशीर म्हणजे किती उशीर

घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांची सगळ्यात मोठी तक्रार: आपण गातो आणि हेडफोनमध्ये आपलाच आवाज जरा मागून येतो. याला लेटन्सी म्हणतात आणि याच भीतीपोटी लोक भारी प्रोसेसर घेतात.

संगणक आवाज एकेक थेंब करून घेत नाही, तांब्या भरला की ओततो. तांब्या केवढा ते आपण ठरवतो. त्याला बफर म्हणतात. ४८ किलोहर्ट्झवर १२८चा बफर म्हणजे २.७ मिलिसेकंद, २५६चा ५.३, १०२४चा २१. जाताना एक तांब्या, येताना एक, वर इंटरफेसचा स्वतःचा थोडा वेळ. हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे दहा मिलिसेकंदांचा उशीर हा अकरा फुटांवर बसलेल्या साथीदाराइतका. बैठकीत तेवढं अंतर असतंच, कोणाचं काही अडत नाही.

वीसच्या पुढे मात्र अडतं. मिनिटाला ३०० मात्रांच्या द्रुत तीनतालात मात्रेला चार बोल वाजले तर दोन बोलांमध्ये ५० मिलिसेकंद उरतात. त्यातले वीस उशिरात गेले तर तबलजी आपल्याच हाताशी भांडू लागतो.

यावर पहिला उपाय फुकट आहे. बहुतेक इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण असतं. ते दाबलं की आपला आवाज संगणकात न जाता थेट कानात येतो. दुसराही फुकट: रेकॉर्ड करताना बफर १२८ ठेवा, मिक्सिंगला बसताना १०२४ करा. तिसरा म्हणजे विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचाच एएसआयओ ड्रायव्हर घाला. हे तिन्ही करून मधूनमधून चट्-चट् आवाज येत असेल तर लेटन्सीमॉन हे फुकटचं सॉफ्टवेअर चालवा. बऱ्याचदा दोषी निघतो तो वायफायचा ड्रायव्हर. रेकॉर्डिंगपुरतं वायफाय बंद केलं की नवा प्रोसेसर घ्यायचा बेत आपोआप मावळतो.

डब्याच्या आत

प्रोसेसरचं एक समजून घेतलं की दुकानात कोणी फसवू शकत नाही. एका ट्रॅकवर आपण इक्वलायझर, त्यावर कॉम्प्रेसर, त्यावर रिव्हर्ब लावतो. कणीक मळल्याशिवाय पोळी लाटता येत नाही आणि लाटल्याशिवाय भाजता येत नाही. तसं हे एकामागून एक, आणि साधारणपणे एकाच कोअरवर होतं. दहा बायका उभ्या केल्या म्हणून एक पोळी लवकर होत नाही. दहा पोळ्या मात्र होतात. म्हणून एकेका कोअरचा वेग आधी बघायचा, कोअर किती ते नंतर.

इंटेलचा आय५-१२४०० सहा कोअरचा आहे, बारा-साडेबारा हजारांचा, आणि तीसेक ट्रॅकच्या गाण्याला तो पुरून उरतो. एएमडीकडे रायझन ५ ५६००जी त्याच कामाचा, थोडा स्वस्त. इंटेलच्या नावापुढच्या 'एफ' अक्षराकडे लक्ष द्या. १२४००एफ दोन-अडीच हजारांनी स्वस्त असतो, कारण त्यात चित्र दाखवण्याची सोय नाही. मग स्क्रीन लागावी म्हणून तीन-चार हजारांचं कार्ड घ्यावं लागतं. वाचलेले पैसे परत जातात, वर कार्डाचा पंखा घरात येतो. गाणं करायला ग्राफिक कार्ड लागत नाही. व्हिडिओ एडिटिंग किंवा गेमिंग त्याच यंत्रावर करणार असाल तर गोष्ट वेगळी. पण मग ते कार्ड गेमसाठी घेतोय हे स्वतःशी कबूल करा.

मदरबोर्ड बी७६० जातीचा, डीडीआर-४ रॅम घेणारा, साडेनऊ हजारांच्या आसपास. रॅमच्या चार खाचा असलेला निवडा. एच६१०चा बोर्ड तीन हजारांनी स्वस्त पडतो, पण त्यात दोनच खाचा, आणि दोन वर्षांनी रॅम वाढवायची झाली की जुनी पट्टी काढून ठेवावी लागते.

रॅम किती, हे तुम्ही काय वाजवता यावर आहे. गळा, पेटी, तबला असं खरं गाणं-वाजवणं रेकॉर्ड करणाऱ्याला १६ जीबी भरपूर. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर एक मोनो ट्रॅक मिनिटाला साडेआठ-नऊ एमबी जागा घेतो. पाच मिनिटांच्या गाण्याचे सोळा ट्रॅक मिळून ७०० एमबीसुद्धा होत नाहीत, आणि तेही डिस्कवरून वाचले जातात. रॅम खातात ती नमुन्यांची वाद्यं. सॅम्पल लायब्ररीत एकेका स्वराची डझनावारी रेकॉर्डिंग असतात. प्रत्येकाचा आरंभ रॅममध्ये धरून ठेवायचा, उरलेलं डिस्कवरून ओढायचं, अशी त्यांची रीत. स्पिटफायरच्या बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्राची लहान आवृत्ती २०० एमबीत मावते, सगळ्यात मोठीला ६०० जीबीच्या आसपास जागा लागते. जाहिरातींचं किंवा मालिकांचं पार्श्वसंगीत करायचं असेल तर ३२ जीबी घ्याच. नुसते अभंग रेकॉर्ड करायचे असतील तर तेच पैसे माइकला द्या. २०२५च्या सुरुवातीला १६ जीबीची डीडीआर-४ पट्टी तीन हजारांत येत होती, हे आज आठवलं की गलबलतं.

डिस्क एसएसडीच हवी आणि कारण वेगाचं कमी, मावशीचं जास्त. तिच्यात काहीच फिरत नाही. एक टीबीची एनव्हीएमई साडेपाच हजारांत मिळत होती. फिरणारी डिस्क घ्यायची तर बाहेरची, बॅकअपसाठी, आणि ती रेकॉर्डिंग संपल्यावरच लावायची. बॅकअप मात्र घ्या. परत तसं कोणी गात नाही.

आता शांततेची खरेदी. प्रोसेसरच्या डब्यात येणारा कूलर फेकायचा नाही, पण लावायचाही नाही. १२० मिलिमीटर पंख्याचा टॉवर कूलर दोन हजारांत मिळतो. मोठा पंखा सावकाश फिरून तेवढीच हवा ढकलतो, आणि सावकाश फिरणारा पंखा ओरडत नाही. एसएमपीएस ५५० वॅटचा, ब्रॉन्झ प्रमाणपत्राचा, चार हजारांपर्यंतचा घ्या. ग्राफिक कार्ड नसलेल्या आपल्या पीसीला इतके वॅट कधीच लागणार नाहीत. अर्ध्याहून कमी भारावर चालला की त्याचाही पंखा निवांत राहतो. कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा बिननावाचा एसएमपीएस कितीही गोड बोलून दिला तरी नाकारा. आणि बायोसमध्ये जाऊन पंख्यांचा वेग तापमानाप्रमाणे हळूहळू चढेल असा लावून घ्या. जोडणाऱ्या मुलाला सांगितलं तर पाच मिनिटांत करून देतो.

सगळ्यात स्वस्त शांतता केबलमध्ये आहे. यूएसबी २.०ची केबल पाच मीटरपर्यंत चालते. डबा टेबलावर मिरवण्याऐवजी दाराआड, पॅसेजमध्ये ठेवा. स्क्रीनची लांब केबल, इंटरफेसची लांब केबल, हजारभर रुपयांत काम झालं. खोलीबाहेर ठेवायला जागाच नसेल तर टेबलाखाली, आणि माइकची पाठ डब्याकडे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज सहा डेसिबलनं उतरतो. खोलीत भिंती थोडा परत पाठवतात, तरी फरक कानाला कळतो.

बेरीज

प्रोसेसर १२,५००, मदरबोर्ड ९,५००, रॅम ३२ जीबी ६,०००, एसएसडी ५,५००, एसएमपीएस ४,०००, कूलर २,०००, कॅबिनेट ४,०००. झाले ४३,५००. स्क्रीन ८,०००, कीबोर्ड-माउस १,०००, यूपीएस ३,०००, म्हणजे ५५,५००. अस्सल विंडोज ११ घेतली तर वर दहा हजार. हा शेवटचा आकडा दुकानदार सांगत नाही, कारण तो काहीतरी 'टाकून देतो'. टाकून दिलेल्या विंडोजवर अपडेट आलं आणि ऐन रेकॉर्डिंगच्या दिवशी ड्रायव्हर गेला, की ते दहा हजार स्वस्त होते असं वाटू लागतं.

म्हणजे ६५,५००. इथे एक अवघड प्रश्न उभा राहतो, तो मॅक मिनीचा. एम४ चिपचा मॅक मिनी २०२४च्या अखेरीला भारतात ५९,९०० रुपयांना आला. १६ जीबी मेमरी, २५६ जीबी साठा. स्क्रीन, कीबोर्ड-माउस धरून ६८,९००. मेमरी अर्धी, पण प्रणाली त्यातच आली, गॅरेजबँड फुकट, आणि यंत्र जवळपास मुकं. लॉजिक प्रो घ्यायचं तर एकदाच १९,९००. माझं मत विचाराल तर गाणारा, संगणकाच्या आत हात घालायची हौस नसलेला माणूस असेल तर त्यानं मॅक मिनी घ्यावा. रॅम महागल्यापासून तर हे मत आणखी पक्कं झालंय. अट एकच: त्याची मेमरी पुढे वाढवता येत नाही, आणि लायब्ररी ठेवायला बाहेरची एसएसडी घ्यावी लागते, एक टीबीला सात-आठ हजार. मोठे ऑर्केस्ट्रा रचणाऱ्यानं पीसीच जमवावा. आज ना उद्या त्याला ६४ जीबी लागणार आहे.

आणि हे दोन्ही झेपत नसेल तर? ऑफिसांतून निघालेले डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोव्हो थिंकसेंटर दुरुस्त करून विकणारी दुकानं प्रत्येक शहरात आहेत. अट घाला: प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ सातव्या पिढीपर्यंतच्या बहुतेक प्रोसेसरांना दारात उभं करत नाही. आय५-८५०० सहा कोअरचा आहे, आणि अठरा हजारांपर्यंत १६ जीबी, ५१२ एसएसडीसकट असं यंत्र मिळत होतं. सोबत पाच हजारांचा इंटरफेस, साडेचार हजारांचे हेडफोन, आणि सॉफ्टवेअर म्हणून रीपर. त्याचा साठ डॉलरचा परवाना पाच-सव्वापाच हजारांत पडतो, आणि आधी साठ दिवस सगळं उघडं वापरता येतं. ३३ हजारांच्या आत गाडी निघाली. स्क्रीन म्हणून काही दिवस घरचा टीव्ही चालेल. घरच्यांशी बोलून घ्या.

लॅपटॉपबद्दल थोडक्यात. प्रवासात लागणार असेल तरच. त्याच पैशांत यंत्र कमी ताकदीचं येतं, तापलं की वेग उतरतो, पंखा माइकपासून हातभर अंतरावर, आणि तो दाराआड ठेवता येत नाही.

भिंतीतली घरघर

सगळं आणून जोडलं आणि तरी हेडफोनमध्ये जाड घूंऽ असा आवाज आला, तर पीसीला शिव्या देण्याआधी भिंतीकडे बघा. आपली वीज ५० हर्ट्झची. पांढरी पाचच्या किंचित वर, खूप खालच्या सप्तकात. जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकामागे तार नसते. वायरमनला बोलावून अर्थिंग खरंच आहे का ते मीटर लावून बघायला सांगा. पीसी, इंटरफेसला जोडलेले स्पीकर, सगळं एकाच सॉकेटवरून, एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. दोन वेगळ्या भिंतींतून वीज घेतली की अर्थची वेटोळी होते आणि घरघर सुरू. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून बघा, बऱ्याचदा तिथंच उत्तर सापडतं. ६००व्हीएचा यूपीएस लाइट गेल्यावर तासभर चालत नाही, पण प्रोजेक्ट सेव्ह करून बंद करण्याइतका वेळ नक्की देतो. पावसाळ्यात आमच्याकडे लाइट डोळा मिटल्यासारखी जाते-येते. तेवढ्यासाठी तो हवाच.

दुकानात

जीएसटीचं पक्कं बिल घ्या. १८ टक्के त्यातच असतो. "बिलाशिवाय हजार कमी," असं म्हणणाऱ्या दुकानदाराचा हिशेब बरोबर असतो, पण तो त्याच्या बाजूनं. बिलावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहून घ्या. डबाबंद प्रोसेसरला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते. 'ट्रे पीस' म्हणून सुटा दिला तर दुकानदाराचा शब्द तेवढाच. नामांकित माइक संशयास्पद स्वस्त मिळाला तर तो बहुधा नक्कल असतो. शुअरच्या एसएम५८च्या नकला तर इतक्या हुबेहूब असतात की जाळी उघडल्याशिवाय कळत नाही. भाव तीन दुकानांत काढा, पण सगळे भाग एकाच दुकानातून घ्या. नाहीतर यंत्र सुरू झालं नाही की रॅमवाला मदरबोर्डवाल्याकडे बोट दाखवतो आणि आपण पिशवी घेऊन दोघांच्या मधे उभे.

यंत्र घरी आल्यावर पहिल्या आठवड्यातच एक परीक्षा घ्या. खोलीतला छताचा पंखा बंद, खिडक्या बंद, माइक लावून गेन गाताना ठेवता तेवढाच. कोणी बोलायचं नाही. दोन मिनिटं शांतता रेकॉर्ड करा, मग प्रोसेसरवर काहीतरी जड काम टाकून आणखी दोन मिनिटं. हेडफोनमध्ये दोन्ही ऐका. दुसऱ्यात पंखा वर चढलेला ऐकू आला तर कूलर नीट बसलेला नाही किंवा पंख्यांचा वेग लावलेला नाही. दुकान अजून ओळख देतंय तोवर डबा घेऊन जा.

गेल्या वर्षी मी नवा पीसी जमवला, ग्राफिक कार्डाशिवाय, आणि पॅसेजमध्ये चपलांच्या स्टँडशेजारी ठेवला. मावशीला पुन्हा बसवलं. तिनं हेडफोन लावले, डोळे मिटले, बराच वेळ ऐकलं. मग हात वर केला.

"यंत्र गप्प आहे," ती म्हणाली. "पण तुझा फ्रिज पांढरी पाचात लागलाय."